पाच भागिले दोन

पायथनच्या दुसऱ्या पिढीला विचारलं, पाच भागिले दोन किती, तर ती सांगायची दोन. तिसऱ्या पिढीला विचारलं तर ती सांगते अडीच. नव्या आवृत्तीवर का जायचं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी अर्धा तास बोलायचो. आता एवढंच सांगतो. समोरचा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "असेल. पण आमचं चाललंय ना!"

पुढची टिपणं त्या "चाललंय ना"साठी.

*

आधी तारखा लिहून ठेवतो, नंतर घोळ नको. पायथन ३.० निघाली ३ डिसेंबर २००८ ला. दुसऱ्या पिढीतली शेवटची, २.७, तिच्यानंतर दीडेक वर्षाने, जुलै २०१० मध्ये. म्हणजे धाकटीचं बारसं आधी झालं आणि थोरलीचं मागून. २.७ ला २०१५ पर्यंतच पोसायचं ठरलं होतं. २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवली. १ जानेवारी २०२० ला आधार संपला आणि २० एप्रिलला २.७.१८ ही निरोपाची आवृत्ती निघाली. २.८ कधीच येणार नाही, असं बजावणाऱ्या अधिकृत मसुद्याचा क्रमांक ४०४ आहे. वेबवर पान सापडलं नाही की जो आकडा दिसतो, तोच.

दोन पिढ्या अकरा वर्षं एका घरात राहिल्या. एवढ्या काळात पहिलीतलं पोर बारावीला पोचतं.

*

भागाकाराचा हा किस्सा आमच्या घरी फार आधी घडून गेला होता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर नवे पैसे झाले. शंभर भागिले सोळा म्हणजे सव्वासहा. पाव पैशाचं नाणं नसल्याने आण्याचे सहाच धरायचे. आजीचा हिशेब असा, की एकेक आणा करून चार वेळा दिला तर चोवीस पैसे, आणि पावली एकदम दिली तर पंचवीस. मधला एक पैसा जातो कुठे, हे तिला शेवटपर्यंत कुणी पटवू शकलं नाही.

पायथन दोनला शंभर भागिले सोळा विचारलं तर ती म्हणायची सहा. पाव कुठे गेला ते सांगायची नाही. शंभराच्या पुढे टिंब आणि शून्य लिहिलं असेल तर मात्र सव्वासहा सांगायची. म्हणजे उत्तर गणितावर ठरत नव्हतं, समोरून आलेला आकडा कुठल्या वेषात आहे त्यावर ठरत होतं. हे बदलायला हवं, यावर २००१ मध्येच निर्णय झाला होता. पण तोवर लिहिलेलं सगळं मोडेल, म्हणून ते मोठ्या बदलासाठी राखून ठेवलं.

तीनमध्ये एक तिरकी रेघ दिली की खरा भागाकार मिळतो आणि दोन रेघा दिल्या की पूर्णांक. पाव सोडून द्यायला अजूनही बंदी नाही. फक्त सोडायचा आहे, हे तुम्ही लिहायचं.

*

एका संस्थेच्या सभासदांमधून अल्पवयीन वेगळे काढायचे होते. वय अठरापेक्षा कमी, एवढीच अट. प्रोग्राम चालला, यादी निघाली, आणि तिच्यात पासष्टीचे एक गृहस्थ बालक म्हणून हजर. त्यांनी वयाचा रकाना भरलाच नव्हता. पायथन दोनच्या मते "काहीच नाही" हे कुठल्याही आकड्यापेक्षा लहान. कुठलाही आकडा हा कुठल्याही शब्दापेक्षा लहान. यात तर्क नव्हता, सोय होती. कशाचीही कशाशी तुलना झाली की कसलीही यादी लावता येते.

तीन अशी तुलना नाकारते आणि जागीच थांबते. आमचे साहेब म्हणाले, "जुनं थांबत नव्हतं, नवं थांबतं. मग चांगलं कुठलं?"

त्या गृहस्थांना विचारायला हवं.

*

दोनमध्ये "ट्रू" या नावाला "फॉल्स"ची किंमत देता यायची. कुणी शहाणा देत नसे. पण दाराला कडी नव्हती, एवढं खरं. तीनने कडी बसवली.

*

"मराठी" या शब्दाची लांबी किती?

शाळेतलं पोर म्हणेल तीन: म, रा, ठी. पायथन तीन म्हणते पाच: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. पायथन दोनमध्ये साध्या अवतरणात हा शब्द लिहून, फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवून विचारलं तर उत्तर यायचं पंधरा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, आणि दोनला अक्षर दिसतच नव्हतं, बाइट दिसत होते.

तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. पण शब्दाची लांबी विचारल्यावर त्याच्या खोक्याचं माप सांगणारी भाषा मराठी मजकुराच्या कामाला घेताना विचार करावा. पहिली तीन अक्षरं तोडून द्या म्हटलं तर ती फक्त "म" द्यायची. चार म्हटलं तर "म" आणि पुढे कसलासा तुकडा, पडद्यावर प्रश्नचिन्ह होऊन उमटणारा.

*

असं नव्हे की दोनला अक्षरं ठाऊकच नव्हती. अवतरणाच्या आधी "यू" लिहिला की ती मजकुराला युनिकोड समजायची. म्हणजे रोमन लिपीतलं नाव सरळ लिहायचं आणि मराठीतलं नाव खास चिठ्ठी जोडून. आपल्याच घरात पाहुण्याचा बिल्ला लावून फिरण्यातला प्रकार.

त्यात मेख अशी, की चिठ्ठीवाला मजकूर आणि बिनचिठ्ठीचा मजकूर एकत्र आले की दोन परस्पर समजून घ्यायची की बिनचिठ्ठीचा तो अस्की, म्हणजे साधा इंग्रजी. सगळं इंग्रजी असेल तोवर समज बरोबर निघायची. पहिलं मराठी अक्षर आलं की कोसळायची.

*

एका जुन्या ग्रंथालयाची सूची करून देत होतो. चाचणीसाठी घेतलेली पुस्तकं नेमकी इंग्रजी. झकास चाललं. मग मराठी विभाग जोडला आणि पहिल्याच पुस्तकाला प्रोग्राम पडला: अस्कीला अमुक जागेवरचा "ई-शून्य" हा बाइट समजत नाही. देवनागरीचं यूटीएफ-८ मधलं प्रत्येक चिन्ह याच बाइटने सुरू होतं, दशमानात २२४. ज्याने दोनमध्ये मराठी मजकूर हाताळला, त्याच्या डोळ्यांसमोर हा "ई-शून्य" अजून नाचत असणार.

जागोजागी चिठ्ठ्या लावून ते निस्तरलं. पडद्यावर नावं छान दिसू लागली. तीच यादी फाइलीत ओतायला गेलो की पुन्हा धडाम. पडद्याची लिपी दोनला विचारून कळायची. फाइलीकडे वळवल्यावर विचारायला कुणी नसे, म्हणून ती पुन्हा अस्की धरून बसायची. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अहो, दिसतंय तर खरं, मग छापायला काय होतं?" मी काय सांगणार?

यावर एक गावठी इलाज प्रचारात होता. सिस्टिमचं मोड्यूल पुन्हा लोड करायचं आणि दडवून ठेवलेली एक किल्ली फिरवून अस्कीच्या जागी यूटीएफ-८ बसवायचं. जाणकार ओरडून सांगत की करू नका. मी केलं. सूची छापून झाली.

पुढे सात वर्षांनी तो कोड तीनवर नेताना सगळ्यात जास्त दिवस त्या दोन ओळींनी खाल्ले. किती ठिकाणच्या चुका त्यांनी झाकून ठेवल्या होत्या, ते त्या काढल्यावरच कळलं.

*

हाच अनुभव पुण्यातल्या कुठल्याही जुन्या डीटीपीवाल्याला विचारा. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टांमध्ये फाइलीत मराठी अक्षर नसायचंच. असायचं एखादं रोमन अक्षर नाहीतर चिन्ह, आणि फॉन्ट त्या जागी मराठी चित्र काढायचा. फॉन्ट असेपर्यंत पत्रिका, पावती, अंक सगळं देखणं. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की डॉलर, कंस, अल्पविराम यांचा सडा. शोधायला जावं तर "गणपती" सापडत नाही, कारण फाइलीत गणपती नाहीच, त्याचं चित्र आहे.

अक्षर दिसणं आणि अक्षर असणं वेगळं. पायथन दोनमधला साधा मजकूर दिसण्यावर भागवत होता. तीनने मजकूर आणि बाइट हे दोन वेगळे प्रकार केले. एकातून दुसऱ्यात जायचं तर कुठल्या लिपिसंकेताने, ते सांगून जा. आपोआप मिसळणार नाहीत. या एकाच निर्णयाने सगळ्यात जास्त कोड मोडला, आणि बाकी काही दिलं नसतं तरी तेवढ्यासाठी मी तीनवर गेलो असतो.

*

नव्याने शिकणाऱ्यांना मी एकच नियम सांगतो: बाइटच्या चपला उंबऱ्याबाहेर. फाइलीतून, नेटवर्कवरून, डेटाबेसातून जे येतं ते बाइट. दारातच त्याचं अक्षर करा. घरात फक्त अक्षरं वावरतील. जाताना पुन्हा दारात चपला घाला. ज्या कोडमध्ये माणसं चपला घालून देवघरापर्यंत जातात, तो कोड दोनवर चालतो आणि तीनवर पडतो. दोष तीनला देतात.

*

नव्या आवृत्तीची भलामण करताना हात आखडता घ्यावा, म्हणून हे टिपण.

तीनमध्येही "मराठी" या शब्दाला "यात सगळी अक्षरंच आहेत का?" असं विचारलं तर ती नाही म्हणते. काना आणि वेलांटी तिच्या लेखी अक्षर नाहीत, चिन्हं आहेत. तिच्या स्वतःच्या रेगेक्सला मजकुरातून शब्द वेगळे करायला सांगितलं तर "मराठी"चे "मर" आणि "ठ" असे दोन तुकडे हाती येतात. त्यासाठी बाहेरची दुसरी लायब्ररी घ्यावी लागते. अकारविल्हे लावायला सांगितलं तर "काळ" हा शब्द "काव"च्या आधी येतो, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या शेजारी बसवलाय. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. "वाऱ्यावर"मधला ऱ दोन तऱ्हांनी साठवता येतो, एकसंध किंवा र खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, पायथनला वेगळे. तुलनेआधी ते एकरूप करून घ्यावे लागतात.

म्हणजे तीनवर गेल्याने मराठीचे प्रश्न सुटले असं नाही. ते प्रश्न आहेत, हे दिसू लागलं. दोनमध्ये आपण अजून बाइटच मोजत होतो.

*

तीन नेहमीच ओरडून सांगते असंही नाही. दोनमध्ये अडीच गोल केले की तीन व्हायचे, शाळेत शिकवतात तसे. तीनमध्ये अडीचचे दोन होतात आणि साडेतीनचे चार. बरोबर मध्यावर असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे जातो. यामागे विचार आहे, पुष्कळ आकड्यांची बेरीज सतत वरच्या बाजूला झुकू नये हा. पण हा बदल कुठलीही सूचना न देता होतो. प्रोग्राम पडत नाही, फक्त बिलातला रुपया इकडचा तिकडे होतो. आमच्याकडे हा प्रकार हिशेबनीस काकांनी पकडला, संगणकाने नाही. ते अजूनही बेरजा कागदावर करून बघतात.

म्हणून स्थलांतराआधी टेस्ट लिहा. जुन्याची उत्तरं आधी कागदावर उतरवून ठेवा आणि नव्याची त्यांच्याशी पडताळून बघा. जिथे फरक पडेल तिथे दरवेळी नवंच चुकलेलं असतं असं नाही. आमच्याकडे निम्म्या वेळा जुनं इतकी वर्षं चुकत होतं.

*

आणे १९५७ मध्ये गेले. तरी २५ पैशांच्या नाण्याला लोक चार आणेच म्हणत राहिले, थेट ते नाणं ३० जून २०११ ला चलनातून बाद होईपर्यंत. "सोळा आणे खरं" तर अजून बोलण्यात आहे. बदल असेच पचतात. नवं नाणं हातात, जुनं नाव तोंडात.

पायथनमध्ये हे काम "सिक्स" नावाच्या छोट्या लायब्ररीने केलं. तिच्या आडून लिहिलेला कोड दोन्ही पिढ्यांना कळायचा. नाव का सिक्स? दोन गुणिले तीन.

*

सुरुवातीला पुढाऱ्यांचा बेत वेगळा होता. टू-टू-थ्री नावाचं एक अवजार दिलं, त्यातून कोड काढायचा की तीनचा झाला, जुनं टाकून द्या. प्रत्यक्षात ज्याच्या लायब्ररीवर हजारो लोक अवलंबून, तो एका दिवसात जुन्यांना टाकून कसा येणार? त्याला बरीच वर्षं दोन्हीकडे पाय ठेवायचे होते. आणि ३.० ने तर "यू" ही चिठ्ठीसुद्धा बेकायदा ठरवली होती, म्हणजे दोन्हीकडे चालेल असा मजकूर लिहिणंच कठीण.

शेवटी आर्मिन रोनाखर यांनी प्रस्ताव मांडला आणि २०१२ मध्ये ३.३ ने "यू" परत आणला. अर्थ काही नाही, तरी चालेल. पुढे २०१५ मध्ये ३.५ ने बाइटमध्ये टक्क्याचं चिन्ह वापरून मजकूर भरायची जुनी सोयही परत दिली. एवढी दोन पावलं मागे घेतल्यावर गाडं पुढे सरकलं. सोवळं थोडं सैल केल्यावर पंगत बसली.

*

सहाचा आकडा मात्र इतर भाषांना लाभला नाही. पर्ल सहाची घोषणा २००० मध्ये झाली, पहिली पक्की आवृत्ती २०१५ च्या नाताळात आली, आणि २०१९ मध्ये तिचं नाव बदलून राकू ठेवलं. सून म्हणून आणली, ती वेगळं बिऱ्हाड करून राहिली. पीएचपी सहामध्ये युनिकोड मुळापासून आणायचा घाट घातला होता. तो सोडून दिला आणि पाचनंतर थेट सात निघाली, डिसेंबर २०१५ मध्ये.

यांच्या शेजारी ठेवून पाहिलं तर पायथनचं अकरा वर्षांचं रखडणं यशच म्हणायचं. सगळा गाव शेवटी नदीच्या त्या काठावर गेला.

*

गाव का रखडतो? प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो. आमचा कोड तयार, पण जँगो तीनवर नाही. जँगो आली, पण डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी नाही. ती आली तर तिच्यातली एक उपलायब्ररी नाही, आणि तिचा कर्ता नोकरी बदलून दुसरीकडे गेलेला.

मग एकदा पारडं झुकलं की उलटं सुरू होतं. जँगो १.११ ही दोनला सांभाळणारी शेवटची; डिसेंबर २०१७ मध्ये आलेली जँगो २.० फक्त तीनसाठी. नमपायची १.१६ शेवटची. जानेवारी २०२१ मध्ये पिपनेही दोनचा हात सोडला. मार्च २०२२ मध्ये मॅकच्या १२.३ मधून २.७ काढूनच टाकली. पूर्वी पुढे जाणारा एकटा पडायचा, आता मागे राहणारा एकटा. "चाललंय ना" म्हणणाऱ्यांचं चालणं बंद पडलं नव्हतं. आजूबाजूची दुकानं बंद झाली होती.

*

ई-पुस्तकांच्या कॅलिबर या प्रोग्रामचे कर्ते कोविद गोयल यांनी जाहीरपणे म्हटलं होतं की एवढा कोड बदलण्यापेक्षा दोनची देखभाल मी स्वतःच करीन, ते कमी कष्टाचं आहे. उद्धटपणा नव्हता, हिशेब होता, आणि तो माणूस ते करूही शकला असता. तरी सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिबर ५.० आली ती तीनवर. एकट्याला भाषा सांभाळता येईल, पण तिच्याभोवतीचा बाजार एकट्याला भरवता येत नाही.

*

दुसऱ्या टोकाला इन्स्टाग्राम. २०१७ च्या पायकॉनमध्ये त्यांच्या अभियंत्यांनी सांगितलं, की सुमारे दहा महिन्यांत सगळं तीनवर नेलं. वेगळी शाखा काढून नाही. चालू कोडमध्येच, रोजचं काम न थांबवता. वेब सर्व्हरवर प्रोसेसरचा वापर १२ टक्क्यांनी आणि पाठीमागच्या कामांत मेमरी ३० टक्क्यांनी वाचली.

साहेबांना यातले फक्त टक्के आवडतात. मला आवडतं ते "वेगळी शाखा काढून नाही". स्थलांतरासाठी बाजूला काढलेली शाखा म्हणजे लग्नासाठी बाजूला ठेवलेलं सोनं. बाहेर येते तेव्हा घडण जुनी झालेली असते.

*

ऑफिसात नव्याने लागलेली मुलगी जुना कोड वाचत होती. म्हणाली, "सर, हे प्रिंट कंसाशिवाय कसं चालायचं?" मी सांगितलं, पूर्वी प्रिंट हे फंक्शन नव्हतं, भाषेचं वाक्यच होतं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही मोडी वाचता तसं?"

मला हसू आलं आणि मग आलं नाही. मोडी वाचणारी माणसं आज अभिलेखागारात हवी असतात, कारण दप्तरं मोडीत पडली आहेत आणि वाचणारे थोडे. दोनमधला कोड सांभाळणाऱ्या कंपनीला उद्या असाच वाचणारा शोधावा लागेल. फरक एवढा की मोडीतली दप्तरं रोज पगारपत्रक काढत नाहीत.

*

आता सगळे तीनवर आले, स्थलांतर संपलं, असं समजणाऱ्यांसाठी: २०१९ पासून पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला येते आणि प्रत्येकीला साधारण पाच वर्षांचं आयुष्य. ३.८ ची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली, ३.९ ची ऑक्टोबर २०२५ मध्ये. ३.१२ ने डिस्टयूटिल्स काढलं, ३.१३ ने सीजीआय आणि टेलनेटसकट एकोणीस जुनी मोड्यूलं. "आम्ही तीनवर आहोत" हे आता उत्तर नाही. तीनच्या कितीवर, ते सांगा.

*

ओढून न्यायचं तर आमिषही हवं. ३.११ तिच्या कर्त्यांच्याच चाचण्यांत ३.१० पेक्षा सरासरी १.२५ पट वेगवान निघाली. कोडची एक ओळ न बदलता हा वेग मिळतो.

पण मला विचाराल तर खरं आमिष चुकांचे निरोप. पूर्वी कंस बंद करायचा राहिला तर पायथन पुढच्याच, बिचाऱ्या निर्दोष ओळीवर बोट ठेवून म्हणायची, वाक्यरचना चुकली. शिकणारं पोर ती ओळ दहा वेळा लिहून बघायचं. ३.१० पासून ती सांगते, अमुक ओळीतला हा कंस बंदच केला नाही. नाव चुकीचं लिहिलं तर विचारते, तुम्हाला हे म्हणायचंय का? ३.११ पासून ओळीतल्या नेमक्या तुकड्याखाली खुणा करून दाखवते. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवणीशिवाय प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांसाठी एवढं एक कारण पुरेसं आहे. प्रयोगशाळेत जुनी आवृत्ती ठेवणाऱ्या कॉलेजांनी हे मनावर घ्यावं.

*

ऑक्टोबर २०२४ मध्ये ३.१३ आली. तिच्यातून जे काढून टाकलं त्यात टू-टू-थ्री हे अवजारही होतं. नदीच्या त्या काठावर नेणारी होडी मोडीत काढली. ज्यांना अजून यायचंय त्यांनी आता पोहत यावं.

*

शेवटचं, साहेब लोकांसाठी. अकरा वर्षांचं साठवून एकदम केलेलं स्थलांतर म्हणजे प्रकल्प, त्याला बजेट लागतं, बैठका लागतात, आणि माणसं रात्री जागतात. दरवर्षी एक पायरी चढणं म्हणजे दिवाळीची साफसफाई. आठवड्याचं काम, थोडी धूळ, दोन-चार हरवलेल्या वस्तू सापडतात. आमच्याकडे दरवर्षी नोव्हेंबरचा पहिला आठवडा त्यासाठी ठेवलाय. नवी आवृत्ती ऑक्टोबरात निघते, पण आम्ही तिच्यावर लगेच उडी मारत नाही. आदल्या वर्षीची घेतो. ती वर्षभरात मुरलेली असते आणि लायब्ऱ्याही तोवर तयार झालेल्या असतात.

उद्या ऑफिसात गेलात की सर्व्हरवर पायथनची आवृत्ती कुठली, एवढं विचारून बघा. ३.१० असेल तर तिची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. उत्तर २.७ आलं, तर त्या सर्व्हरवरच्या कोडमध्ये भागाकाराची चिन्हं किती आहेत, ती आधी मोजा.